रंगूनवाली

रंगून,
ता. १२ जानेवारी १९४२

ति. अक्का हिस,
शलमोनचा सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा कदाचित माझी माणसे तिसगावात तुमच्या दारात आधीच उभी असतील. तसे झाले तर दार लावून घेऊ नका, एवढीच पहिली विनंती.

ऐन नाताळात इथे जपान्यांचे बॉम्ब पडले. बंदरावर मजूर कामाला लागले होते, ते तिथेच गेले. आमच्या इस्पितळाच्या व्हरांड्यातसुद्धा पाय ठेवायला जागा उरली नाही. मी साधा कंपाउंडर, पण त्या आठवड्यात मला काय काय करावे लागले ते आईला सांगू नकोस. आता शहर निम्मे रिकामे झाले आहे. कलकत्त्याच्या बोटीत बायका-मुलांना जागा देत आहेत. एका मद्रासी नर्सच्या सोबतीने पॉ आणि आमची तान्ही एस्तेर यांना परवा बसवून देतो. मला इस्पितळ सोडत नाही, आणि खरे सांगायचे तर रोग्यांना टाकून माझाही पाय निघत नाही. महिना-दोन महिन्यांत येईन.

लग्नाचे कळवले तेव्हापासून आईने मला एक ओळ पाठवलेली नाही. श्रीगोंद्याची पुष्पावती तिने मनात धरली होती हे मला ठाऊक आहे. पुष्पावतीचे भले होवो, ती माझ्या बडबडीला महिन्याभरात कंटाळली असती. पॉ कंटाळत नाही, कारण तिला त्यातले निम्मे कळत नाही. ती करेन लोकांतली. ब्रह्मदेशात खाडीकाठी भातशेती करणारे हे लोक. तिच्या आजोबांच्या वेळेपासून ते ख्रिस्ती आहेत, आपल्यासारखेच. नर्सिंग शिकलेली आहे. तिच्या भाषेत पॉ म्हणजे फूल. मराठी शिकवणारा मी एकटाच, म्हणून ती 'मी येतो, मी जातो' असे पुरुषासारखे बोलते. तिच्यासमोर हसू नका.

आईचा राग माझ्यावर आहे तो माझ्यासाठी राखून ठेवावा, तिला लागू देऊ नये. आईला सलाम. तुझी माया आहे तशीच राहो.

तुझा,
शलमोन


तिसगाव,
ता. २७ फेब्रुवारी १९४२

चि. शलमोन यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी माणसे सकाळी आली आणि तुझे पत्र त्याच दिवशी दुपारी आले. उलटे झाले असते तर बरे होते. मी शाळेत होते, आई घरी एकटी. नगरहून मोटार आली, तिच्यातून लुंगी नेसलेली, केसांत धुळीचा थर बसलेली, पोर कडेवर घेतलेली एक बाई उतरली आणि विचारत विचारत आपल्या दाराशी आली. आईने कोण म्हणून विचारले तर तिने तुझे नाव घेतले आणि 'मी आलो' म्हणाली. आईने आधी पोर घेतली. मग तांब्याभर पाणी दिले. मग भिंतीकडे तोंड करून बसली ती संध्याकाळपर्यंत.

एस्तेर आईच्या अंगावर लगेच रुळली. तुझ्यासारखीच झोपेत पाय झाडते, असे आई मला म्हणाली. सुनेशी मात्र ती कामापुरतेच बोलते, आणि तिच्या हातचे खात नाही. 'कायबाय खानारी मानसं ती,' असे म्हणते. मी पुष्कळ सांगितले, पण आई माझे कधी ऐकते.

पॉला इथे जड जाते आहे. भात आपल्याकडे सणावारी, तिला रोज भाकरी गिळावी लागते. पहिल्या दिवशी तिने अंघोळीला दोन हंडे पाणी ओतून घेतले. विहिरीवर आपल्या पाळीला किती थांबावे लागते हे तिला कसे ठाऊक असणार? दुसऱ्या दिवशी मी तिला विहिरीवर नेले. तेव्हापासून तांब्याभर पाण्यात अंग पुसते. लुगडे नेसायला शिकली आहे, चालताना अडखळते. रडताना मी तिला अजून पाहिलेले नाही. त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

गेल्या आठवड्यात एक प्रकार झाला. सिंगापूर पडल्याचे बाजारात कळले आणि कोणीतरी उठवले की भिंगारदिव्यांच्या घरात जपानीण लपवली आहे. पोलीस पाटील श्रीमंतराव पाथर्डीच्या हवालदाराला घेऊन आले. हवालदाराने पॉला दारात उभी करून प्रश्न विचारले. तिला ते कळेनात, म्हणून ती प्रत्येक प्रश्नाला तुझे नाव सांगत राहिली. लोक जमले. तेव्हा आई चुलीपुढून उठून आली आणि तिच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, 'ही माझ्या शलमोनची बायकू हाय. लिवून घ्या अन् जावा.' ते गेले. मला वाटले आता बर्फ वितळले. पण रात्री आईने भाकरी स्वतःच थापली.

तू लौकर ये. तू आल्याशिवाय हे घर रुळावर यायचे नाही. प्रभू तुला सांभाळो. आठवण ठेवून लिहीत जावे.

तुझी,
अक्का


मंडाले,
ता. २६ मार्च १९४२

ति. अक्का हिस,
शलमोनचा सप्रेम सलाम. वि. वि.

रंगून गेले. तुझे पत्र आमच्या इस्पितळाच्या डाकेबरोबर फिरत फिरत मला इथे मिळाले. इतक्या वेळा वाचले की घडीवर फाटले आहे. आई दारात उभी राहिली तो भाग मी वॉर्डातल्या एका रोग्याला हिंदीत सांगितला. तो पंजाबी शिपाई, हसता हसता त्याचे टाके दुखले.

आम्ही आता रोग्यांना घेऊन वर वर सरकतो आहोत. आगगाडी सरहद्दीपर्यंत जात नाही. हिंदुस्थानात जायची वाट डोंगरातून आहे, ती चालूनच जावी लागेल. माझ्याबरोबर आपल्याच जिल्ह्यातला, अकोल्याकडचा आसाराम भांगरे नावाचा वॉर्डबॉय आहे. डोंगरातला माणूस, माझ्यापेक्षा त्याचे पाय चांगले. आम्ही दोघे मराठी बोलतो तेव्हा बाकीच्यांना आम्ही भांडतो आहोत असे वाटते.

पॉसाठी एक सांगतो. आपल्या परड्यात पावसाळ्यात अंबाडी येते ना, ती तिच्या देशातही खातात, सुकी कोळंबी घालून. तिला आपली सुकट आणून दे, ती करील. तेवढे तिला तिच्या गावासारखे लागेल. आणि तिला सांग की मी येतो आहे. हे वाक्य तिला नीट कळते.

आईला माझा सलाम सांगून तिचा हात माझ्या वतीने हातात घे. पावसाच्या आत पोहोचावे असा बेत आहे. लोभात अंतर नसावे.

तुझा,
शलमोन


अकोले तालुका,
ता. १४ सप्टेंबर १९४२

श्रीमती दीनाबाई भिंगारदिवे यांसी,
आसाराम भांगरे याचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी आमच्या गावच्या मास्तरांकडून लिहून घेत आहे. मी स्वतः तिसगावास येऊन सांगायला पाहिजे होते, पण माझ्या पायांच्या जखमा अजून भरल्या नाहीत आणि ताप उतरत नाही.

आपले बंधू शलमोनराव वाटेत वारले. पाऊस लागला होता. डोंगराच्या अलीकडे नदीकाठी एक मुक्काम होता, तिथे पटकी लागली. ज्यांना चालता येत होते ते पुढे निघाले. शलमोनराव म्हणाले की ह्या पडलेल्या माणसांना पाणी पाजायला कोणीतरी पाहिजे, मी दोन दिवसांनी निघतो. मी त्यांना पुष्कळ ओढले. मग मीही थांबलो. त्यांनाच लागण झाली. फार वेळ लागला नाही. शेवटी त्यांना बोलता येत नव्हते, म्हणून निरोप असा काही नाही.

मी त्यांना नदीपासून उंचावर पुरले, पाणी चढू नये म्हणून. त्यांच्या धर्माची प्रार्थना मला येत नव्हती. आमच्यात करतात तसे मी त्यांच्या तोंडात पाणी घातले आणि माती दिली. चुकले असेल तर क्षमा करावी. त्यांच्या सामानातले काही आणता आले नाही, माझेच अंग मला आणवत नव्हते.

त्यांच्या मंडळींना आणि मातोश्रींना हे आपण कसे सांगाल ते सांगावे. मला आपल्या घरचाच समजावे.

आपला,
आसाराम भांगरे


तिसगाव,
ता. २१ नोव्हेंबर १९४३

ति. वन्संस्नी,
पॉचा सलाम. वि. वि.

तुमची श्रीगोंद्याच्या शाळेवर बदली झाल्यापास्नं तुमी तीन पत्रं लिवली अन् मी येकबी लिवलं न्हाई. ह्ये मीच लिवती, कुनाकडून लिवून घेतलं न्हाई. पहिलीच्या पोरींसंगं बसवून तुमी मला अक्षरं शिकवली. तुमी शिकवलेलं 'आहे' मला ठावं हाय, पर त्ये माझ्या तोंडात बसत न्हाई. मी बोलाय शिकले ती आत्याबाईंकडून अन् इहिरीवरच्या बायांकडून. रागावू नका.

तुमी इचारलं आत्याबाई बोलत्यात का. बोलत्यात. त्या भांगऱ्यांचं पत्र आल्यापास्नं वरीसभर न्हाई बोलल्या, तुमाला ठावं हाय. येकदाच बोलल्या हुत्या, तू आलीस अन् माझा ल्योक गेला. तुमी त्यांना गप केलं. पर मला बी तसंच वाटत हुतं. बोटीतली जागा मला मिळाली अन् एस्तेरच्या बाबांना न्हाई.

औंदा पावसात परड्यात अंबाडी लई आली. मी सुकट घालून केली. आत्याबाईंनी वासावर इचारलं, काय हाय. मी सांगितलं. त्येंनी बोट घालून चाखलं, मग भाकरी मोडली. मी त्येंच्याकडं बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर त्येंनी ठेवून दिली आसती. त्या रोजपास्नं माझ्या हातचं खात्यात.

दुसरी गोस्ट पाळकसायबांना सांगू नका. आमच्याकडं बाया चिरूट वढत्यात. मी परड्यात भितीच्या मागं तंबाखूचं पान वळून वढत हुती. आत्याबाई आल्या. मला वाटलं आता वरडत्यात. त्या शेजारी बसल्या, मिसरीची डबी काढली अन् दात घासाय लागल्या. आता आमी रोज बसतो. बोलन्यासारखं काय नसलं तरी बसतो.

शेजारच्या झुंबरबाईची सून बाळंतपनात अडली हुती, तिला मी सोडवली. पोरगं चांगलं हाय. तवापास्नं लोक मला जपानीन म्हनत न्हाईत, रंगूनवाली म्हनत्यात. अन् आत्याबाई फुलाबाई म्हनत्यात, पर दुसरं कुनी आसलं की न्हाई.

आत्याबाईंना डाव्या डोळ्यानं दिसंना झालंय. कवामवा कामात आसताना मधीच इचारत्यात, त्या मानसानं खरंच माती दिली का. मी म्हनती व्हय. मग परत दळाय लागत्यात.

एस्तेर लई बोलती. सुट्टीत या. आमच्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
पॉ


श्रीगोंदा,
ता. २० जानेवारी १९४६

चि. पॉ हिस,
अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

सोबत मिशनमार्फत आलेले पत्र पाठवते. ते तुझ्या भाषेत आहे, पण वर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आहेत, त्यावरून मला मजकूर समजला. तुझी आई जिवंत आहे. तुझे दोन्ही भाऊ जपानी आल्यानंतरच्या दंग्यात गेले. तुला हे एकटीने वाचावे लागू नये म्हणून मी येणार होते, पण शाळेची तपासणी आहे. आईला जवळ बसवून वाच.

आता कलकत्त्याहून रंगूनला परत जाणाऱ्यांना बोटी मिळू लागल्या आहेत असे मिशनचे लोक सांगतात. तुझ्या आईने तुला बोलावले आहे, आणि तू जाणार हे मला कळते. मी अडवणार नाही.

पण एक बोलते, ते मोठी म्हणून ऐक. एस्तेरला नेऊ नकोस. ती पाच वर्षांची झाली, तिला तुझ्या देशाचे काहीच ठाऊक नाही. तिकडे अजून काय परिस्थिती आहे कोण जाणे. इथे तिला शाळा आहे, मी आहे. आईला तर तिच्याशिवाय दिवस उजाडत नाही. शलमोनचे म्हणून आमच्याकडे एवढेच उरले आहे. तू भेटून ये, वर्षभर राहा, मग ये. तोवर मी तिला पोटच्या मुलीसारखी सांभाळीन.

याचा राग मानू नकोस. तुझे उत्तर येईपर्यंत माझे चित्त थाऱ्यावर नाही. माया असू दे.

तुझी,
अक्का


कलकत्ता,
ता. ३ मे १९४६

ति. वन्संस्नी,
पॉचा सलाम. वि. वि.

मी एस्तेरला घेऊन आले. बोट परवा सुटनार हाय. तुमी नगरला ठेशनावर याल म्हनून मी वाट बघितली. गाडी आली तरी बघितली. तुमी रागावला हाय ह्ये मला कळलं.

तुमचं पत्र मी आत्याबाईंना समदं वाचून दाखवलं हुतं. एस्तेरला ठेव म्हनून तुमी लिवलं त्ये बी. लपवलं न्हाई. मी म्हनले, तुमी सांगाल तसं. त्या ठेव म्हनल्या आसत्या तर मी ठेवली आसती, वन्सं. मी इतकी वर्सं त्येंच्याजवळच ऱ्हायले, त्येंनीच मला मानूस केलं.

त्या दोन दिवस परड्यात बसायचं तिथं बी आल्या न्हाईत. तिसऱ्या दिवशी बाजरी पाखडता पाखडता म्हनल्या, 'पोर आईपासून तोडायची न्हाई. माझं पोरगं माझ्यापासून लांब मेलं. त्येचं काय आसतंय त्ये मला ठावं हाय. तुला नगं ते.' मी म्हनले, मग तुमी. त्या म्हनल्या, 'मी काय. मला दीना हाय.' तसं म्हनल्या, म्हनून मी तुमाला लिवती.

निघायच्या आदी त्येंनी शेंगदान्याची चटनी कुटली. त्येंना आता दिसत न्हाई, हात उखळात जाईल म्हनून मी मुसळ मागितलं, दिलं न्हाई. मोटारीपतूर आल्या न्हाईत. एस्तेर त्येंच्या गळ्यात पडली, तवा म्हनल्या की जा, मोटार जाईल. मग पाठ केली अन् सूप घेतलं. आमी फाट्यापर्यंत गेलो तरी सुपाचा आवाज येतुया आसं मला वाटत हुतं. येत नसंल.

त्येंना येकटं ठेवू नका. एवढंच मागती. माझ्यावर राग आसंल त्यो आसू द्या, पर पत्र बंद करू नका.

तुमची,
पॉ


तिसगाव,
ता. ९ नोव्हेंबर १९४७

चि. पॉ हिस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ताप आला, चार-पाच दिवस राहिला आणि रविवारी सकाळी ती गेली. त्रास फार झाला नाही. तुला तार करावी असे मनात आले, पण तुमच्या गावापर्यंत तार कुठली पोहोचणार.

तुम्ही गेल्यावर मी तिसगावची बदली मागून घेतली. दीड वर्ष आम्ही दोघीच होतो. तुझी पत्रे मी वाचून दाखवायची. तिला ती माझ्या आवाजात आवडत नसत. 'तू शाळेसारखं वाचतीस,' म्हणायची. मग मी तुझ्यासारखे वाचायला शिकले. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा लावला, मुलींना साखर वाटली. तिला घरी येऊन सांगितले की राज्य बदलले. तिने एवढेच विचारले की मग रंगूनच्या बोटी चालू राहतात का. मी राहतात म्हणाले. खरे काय ते मला ठाऊक नव्हते.

शेवटी शेवटी ती मला तुझ्याच नावाने हाक मारत होती. पहिल्यांदा मी दुरुस्त केले, मग ओ देऊ लागले. झुंबरबाई आणि तिची सून रात्रंदिवस बसून होत्या. आसाराम भांगरे अकोल्याहून आले होते, खांदा दिला. शलमोनला माती दिली तो माणूस हा, असे मी लोकांना सांगितले.

पॉ, घर आहे तसे आहे. तुझे लुगडे, एस्तेरची पाटी, सगळे जागच्या जागी. इथे सरकारी दवाखान्याला नर्स पाहिजे आहे आणि लोक अजून तुझेच नाव घेतात. तुझ्या आईला घेऊन आलीस तरी चालेल. मी स्टेशनावर येईन. त्या वेळी आले नाही, ते मनातून जात नाही.

एस्तेरला जवळ घेऊन सांग. एकदम सांगू नकोस. तुमच्या खुशालीकडे डोळे लावून आहे.

तुझी,
अक्का


बेसीनजवळ, ब्रह्मदेश,
ता. ८ फेब्रुवारी १९४८

ति. वन्संस्नी,
पॉचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. डाक बेसीनला येती, तितनं व्हडीनं आमच्या गावाला. व्हडीवाल्यानं दिलं तवा मी नदीवर कापडं धूत हुती. वल्या हातानं फोडलं, म्हनून शाई फुटली अन् पयल्या पानाच्या खालच्या अंगाच्या दोन वळी गेल्या. त्या काय हुत्या त्ये परत लिवा.

आत्याबाई गेल्या ह्ये मी त्या दिवशी कुनाला सांगितलं न्हाई. सांगायचं कसं. आमच्या भाषेत सासूला सबूद हाय, पर त्यो तोंडातनं काढला की बाया म्हनत्यात, चला, सुटलीस. म्हनून दुसऱ्या दिवशी मी म्हनले, माझी आई गेली. माझी आई आतल्या अंगाला हातरुनावर हुती. तिनं ऐकलं अन् म्हनली, मी तर हितं हाय. मग मी तिच्यापाशी बसून सांगितलं. तिनं इचारलं, ती बाई कशी हुती. मला सांगता येईना. आमच्या भाषेत बोलताना बी आता मी अडखळती. मधीच व्हय म्हनती अन् समोरचं मानूस बघत ऱ्हातंय.

वन्सं, मी घरला आले अन् परत नवी झाले. भाऊ न्हाईत. त्येंच्या बायकांनी दुसरी घरं केली. दारात यवढी मोठी नदी, तरी मी भांडी राखेनं घासती अन् वाटीभर पान्यात धुती. लोक हसत्यात. हात ऐकत न्हाईत, काय करू. पोरं एस्तेरला काळी परदेशीन म्हनत्यात. पयल्या वर्सी ती रोज दारात बसून इचारायची, मोटार कवा येती. हितं मोटार न्हाई, रस्ताच न्हाई. आता इचारत न्हाई.

तुमी या म्हनता. मन लई वढ घेतंय. पर आईला कुशीवर वळवाय बी मानूस लागतंय, अन् नदीच्या वरल्या अंगाला बंडवाल्यांच्या बंदुका वाजत्यात, म्हनून व्हडीवाले बी लांब जाईनात. आन् येक खरं सांगती. आईला टाकून मी येकदा गेले हुते. आता दुसऱ्यांदा माझ्यानं हुनार न्हाई. त्या भांगरेभाऊंना माझा सलाम सांगा. तुमी ठेशनावर आला न्हाई त्ये मनातनं काढून टाका, मी काढलंय.

एस्तेरला तुमी म्हनला तसं जवळ घेऊन सांगितलं. मराठीत सांगितलं, आजी गेली. तिला कळलं, लई रडली. रडताना ती आजीला काय काय बोलत हुती, पर त्ये समदं करेन भाषेत बोलली. मी लई येळ वाट बघितली, येक सबूद तरी आपला येईल म्हनून.

तवा वन्सं, लिवत जा. लांब लिवा. शाळेचं लिवा, इहिरीचं लिवा, झुंबरबाई काय म्हनली त्ये बी लिवा. मी मोठ्यानं वाचून तिला ऐकवती. हितं आपली भाषा बोलनारं आमी दोघीच, अन् दोघींतली येक इसरायला लागलीया.

तुमची,
पॉ